भिकुअक्काच्या गाडीची बॅटरी

माझं डोकं दोन गोष्टींनी फिरतं. एक, आमटीत मीठ कमी असलं तर. दुसरं, मोटरसायकलच्या बॅटरीवर कोणी थेट तार मारलेली दिसली तर. आमटी माझी बायको जरीना करते, तिथे बोलायची आपली टाप नाही. तारेच्या बाबतीत मात्र मी कोणाच्या बापाचं ऐकून घेत नाही. चाळीसगावला धुळे रोडवर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याचं शेड, एक लिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत बाकडं. लोक म्हणतात, शकीलभाईचा हात चांगला, तोंड वाईट. म्हणोत बापडे. गाडी हातानं दुरुस्त होते, तोंडानं नाही.

गोष्ट भिकुअक्काची आहे. पण ती माझ्या दुकानात आली ती गाडीच्या पायी, म्हणून आधी तिची आणि मग गाडीची ओळख करून देतो.

भिकुअक्का म्हणजे गिरणेकाठच्या एका गावची मांडेवाली. आमच्याकडे लग्नात मांडे नसले तर जुनी माणसं जेवलो असं मानतच नाहीत, नुसता ढेकर देऊन उठतात. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण तिला पोळपाट-लाटणं नाही. दोन्ही हातांवर झेलत झेलत ती कोपरापर्यंत वाढवत न्यायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. बघायला सोपं. करून बघा, पुरण पायावर पडतं. अक्का हे पस्तीस वर्षं करत आली होती. लग्नघरचं खापर ती वापरायची नाही. "दुसरानं खापर मनं आयकत नही," म्हणायची. स्वतःचं काळंभोर खापर गोधडीत गुंडाळायचं, मुलाच्या गाडीवर मागे बसायचं, ते मांडीवर घ्यायचं आणि निघायचं. जामनेर म्हणा, पारोळा म्हणा, धुळ्याकडचं एखादं खेडं म्हणा, जिथलं बोलावणं असेल तिथे.

मुलगा अमृत. शेती करतो, साधा माणूस, आईला घाबरून असतो. मांडीवरच्या खापराला हिसका बसू नये म्हणून तो तीसच्या वर गाडी नेत नाही. आणि अक्काचा नवरा तोताराम आबा. पाच वर्षांपूर्वी लकवा मारला तेव्हापासून डावा पाय ओढतो. दिवसभर ओट्यावरच्या खाटेवर असतो. मूळचाच अबोल, पाय गेल्यावर तर बोलणंच संपलं.

अक्काचा एकच नेम होता. चुलीला जाळ लागायच्या आधी लग्नघरी पोचायचं. पस्तीस वर्षांत एकदाही उशीर नाही. कारण दारात आता केटररवाले टपून बसलेत. त्यांच्याकडे मशीनच्या पोळ्या असतात, फोन केला की टेम्पो हजर. अक्का म्हणायची, "एक लगीन चुकनं की लोके म्हनतीन, भिकी म्हतारी व्हयनी. मंग कोन बलाई?" बोलावणं बंद झालं तर ही बाई घरात बसून करणार काय? हात नुसते मांडीवर ठेवून बसायची सवयच नाही तिला.

आता गाडी. दिवाळीनंतर एका कपाशीच्या ट्रकनं या मायलेकांना कट मारला. दोघं रस्त्याकडेच्या चारीत. अक्काचं कोपर सोललं, खापर तिनं वरच्या वर धरलं होतं, त्याला ओरखडाही नाही. ट्रकवाला उतरला आणि उलटा यांच्यावरच ओरडला. साक्षीला कोण? रस्त्याकडेचं बोरीचं झुडूप. म्हणून अमृतनं गाडीला कॅमेरा बसवला. एक डोळा पुढे, एक मागे, हँडलला बोटभर पडदा. बसवून कोणी दिला, तर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यानं. आणि त्या शहाण्यानं तार कुठे जोडली? बॅटरीवर. थेट!

अमृत पहिल्यांदा आला तेव्हा गाडी टोचन करून, दुसऱ्या गाडीला बांधून आला होता. सीट उघडली आणि माझं टाळकं सटकलं.

"अरे बाबा," मी म्हणालो, "ही मोटरसायकलची बॅटरी आहे, ट्रॅक्टरची नाही. लहान लेकराच्या पोटाएवढं हिचं पोट. तू चावी काढून घरात जातो, जेवतो, घोरतो. हा कॅमेरा मात्र रात्रभर तुझ्या कोंबड्यांचा पिक्चर काढत बसतो. सकाळी बॅटरी ठार. नवीन गाडी आहे, पेट्रोलच्या पंपालाही करंट लागतो, मग किक मारून पाय मोडून घे!"

"मला काय माहीत, शकीलभाई."

"माहीत नाही तर विचारायचं. डॉक्टरकडे जातो की नाही?"

मग मी काम नीट करून दिलं. बॅटरीवरची तार काढली. मध्ये रिले टाकला, म्हणजे चावी चालू केली तरच कॅमेऱ्याला करंट, चावी बंद की कॅमेरा बंद. फ्यूज टाकला. बाराचे पाच व्होल्ट करणारी डबीसुद्धा रिलेच्या मागे घेतली, कारण ती डबी गुपचूप थोडं थोडं खात असते, हे भल्याभल्यांना ठाऊक नसतं. उभ्या गाडीवर पहारा द्यायची सोय कॅमेऱ्यात होती, ती बंद केली. आणि जाता जाता एक आगाऊपणा केला. कॅमेऱ्याचा माइक पुढे होता, त्यात वाऱ्याचा आणि हॉर्नचा नुसता गोंगाट यायचा. मी तो मागच्या सीटखाली सारला. तिथे आडोसा असतो. कोणी सांगितलं नव्हतं. हाताला चैन नाही, दुसरं काय.

अमृतला म्हणालो, "आता बॅटरी उतरली तर शकीलच्या तोंडाला काळं फास."

बारा दिवसांनी तो परत आला. टोचन करून.

माझं तोंड एवढंसं झालं. चावी बंद करून तारेत मीटर लावला, किती चोरी होते ते बघायला. चोरी शून्य. तार माझी साफ होती. बॅटरी चार्ज करून तपासली, तीही ठणठणीत. "चावी बंद करतो ना रे?" "करतो भाऊ, रोज करतो." "काढतो का?" त्यावर तो हसला. गावात गाडीची चावी काढायची पद्धतच नाही. गाडी ओट्याला लागून उभी, चावी तिच्यातच. कोणाला दवाखान्यात जायचं असलं, कोणाला दळण आणायचं असलं तर घेऊन जातात.

मग म्हटलं कोणीतरी नेत असेल, चालू विसरत असेल. अमृतला दम दिला, पाठवून दिलं. आणि चैत्र संपता संपता तेच झालं ज्याला अक्का आयुष्यभर भ्यायली होती.

धुळ्याच्या अलीकडच्या एका गावात लग्न होतं. उजाडायला अक्का खापर घेऊन ओट्यावर तयार, आणि गाडी गप्प. अमृतनं ढकलली, पळवली, घामाघूम झाला. शेवटी दुधाच्या रिक्षात बसून गेले. पोचले तेव्हा ऊन मांडवावर आलं होतं आणि केटररचा टेम्पो उभा होता. नवरीच्या काकानं सांगितलं, "अक्का, फार वाट पाह्यली. आता राहू द्या. जेवून मात्र जा." अक्का जेवली नाही. खापराची गोधडी तिनं सोडलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं माझ्याकडे आले. अमृत तणतणत होता, "काढून फेका तो कॅमेरा, गिरणेत टाकतो." अक्का बाकड्यावर बसली होती. मी पाण्याचा तांब्या दिला. तिनं दोन घोट घेतले आणि म्हणाली, "शकीलभाऊ, पुढला आठवडाले आखाजी शे. तीन लगीन शेत मनाकडे. हाई गाडी निंघी का, तेवढं सांग." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लग्नांचा मोठा मुहूर्त. माझी मान वर होईना. त्या बाईनं मला शिवी दिली असती तरी परवडलं असतं.

"अक्का, दोन दिवस द्या," मी म्हणालो. "कॅमेरा काढू नका. चोर मी पकडतो."

बॅटरी चार्ज करून दिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः त्यांच्या गावाला गेलो. न सांगता.

उन्हाळ्यातली दुपार आमच्याकडे कशी असते, बाहेरच्याला सांगून कळायची नाही. गाव असतं पण कोणी नसतं. कुत्री न्हाणीच्या ओलीत, माणसं घरात, दारं नुसती लोटलेली. लिंबाचा मोहोर गळून गेलेला, तरी त्याचा कडवट गोड वास हवेत राहिलेला असतो. मी गाडी लांबच लावली आणि भिंतीच्या सावलीनं चालत गेलो. चोर पकडायला निघालो होतो, पण पाऊल पडेल तशी माझीच झोप दाटून येत होती. आपण जागे आहोत की स्वप्नात चालतोय, असं वाटायला लागलं.

आणि तेव्हाच बाईचं गाणं ऐकू आलं.

फार हळू. रेडिओ नव्हता, मोबाइलही नव्हता. दूरच्या शेतातून कोणी गात असावं आणि वारा ते अर्धं आणून अर्धं नेत असावा, तसं. मी ओट्याच्या कोपऱ्याला थांबलो. तोताराम आबा खाटेच्या कडेला सरकून बसला होता. गाडी खाटेला लागून उभी. चावी चालू. मीटरवर हिरवा दिवा. हँडलवरच्या त्या बोटभर पडद्यावर रस्ता वाहत होता, कडेचे लिंब मागे पळत होते, आणि आबा एका हातानं हँडल धरून त्या पडद्यावर वाकला होता. डोळे मात्र मिटलेले.

माझ्या पायाखाली पाचोळा वाजला. आबा असा दचकला की विचारू नका. गूळ चोरताना सापडलेलं पोरच. हात चावीकडे गेला.

"असू द्या, आबा," मी हळूच म्हणालो. "कोण गातंय?"

आबानं घराच्या दाराकडे पाहिलं. आत अक्का झोपली होती. मग त्यानं मला हातानं जवळ बसवलं.

"भिकी शे," तो म्हणाला.

मला खरं वाटेना. अक्काला गाताना कोणी ऐकलं नव्हतं. लग्नात बायका तिला म्हणायच्या, अक्का एखादी ओवी म्हणा, तर ही हाताचं पुरण दाखवायची, "मनं तोंड चुलीमां गये," आणि विषय संपवायची. आबानंही बेचाळीस वर्षांत तिचं गाणं ऐकलं नव्हतं. ती गायची ती फक्त गाडीवर, मुलाच्या पाठीमागे बसून. वाऱ्यात कोणाला ऐकू जातंय, असं तिला वाटायचं. अमृतच्या कानावर हेल्मेट, त्याला ऐकू जातच नव्हतं. आणि मी दीडशहाण्यानं तिच्या सीटखाली माइक सारून ठेवला होता! कॅमेऱ्यातलं जुनं कसं बघायचं, हे अमृतनं दुसऱ्या एका ट्रकवाल्याचं दाखवताना आबाला एकदा शिकवलं होतं. त्यानंतर कधीतरी आबानं सहज बटण दाबलं, आणि रस्त्यातून बायकोचा आवाज आला. तेव्हापासून रोज दुपारी घर झोपलं की चावी चालू. दोन-दोन, तीन-तीन तास. एकटा कॅमेरा नव्हे, चावी चालू म्हटल्यावर मीटर, दिवा, इंजिनाचा मेंदू, सगळेच बॅटरीच्या ताटात जेवायला. बिचारी किती पुरणार?

"हाई आयक," आबा म्हणाला आणि बटण मागे मागे नेलं.

पडद्यावर सकाळ होती. ऊन कोवळं, रस्ता मोकळा, कुठे तरी बैलगाडी बाजूला होताना दिसली. इंजिनाच्या घरघरीवर अक्काचा आवाज चढत उतरत होता, म्हातारा पण ताठ.

आखाजीना सण, माय दारमां उभी ऱ्हाई,
जेठमां मी गऊ, दारमां माय नही.

आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरी कितीही जाच असो, आखाजीला लेक माहेरी जातेच. न्यायला भाऊ येतो, आई दारात उभी असते. आणि ही बाई गात होती की आई आखाजीला उभी राहिली, मी गेले ती जेठ महिन्यात, तेव्हा दारात आई नव्हती.

आबानं चावी बंद केली. पडदा काळा झाला.

"त्या सालले मी तिले धाडी नही," तो म्हणाला. "इहिर खंदत व्हतूत. मजूरसन्या भाकरी कोन करी, म्हनी मी तिना भाऊले परत धाडी दिन्हा. महिनाभरमां तिनी माय गयी." एवढं सलग बोलल्यावर त्याला धाप लागली. "बेचाळीस वरीस ती माले त्यानाबद्दल एक शब्द बोलनी नही, शकील. माले वाटे, इसरी गयी."

असं म्हणून तो रडला. मोठी माणसं रडतात तसं नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी आणि हात हँडलवरच. माझ्या पिशवीत पक्कड, टेस्टर आणि मीटर होता. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

आबानं माझ्याकडून शब्द घेतला, तिला सांगायचं नाही. मी दिला. पण आखाजीची तीन लग्नं समोर होती आणि अक्काला मी वचन दिलं होतं. मग मी कारागीर म्हणून जे बरोबर तेच केलं. त्याच संध्याकाळी अमृतला गाडी दुकानावर आणायला सांगितली आणि रिलेची तार बदलली. आता नुसती चावी चालू करून भागणार नव्हतं. इंजिन फिरत असेल तेव्हाच कॅमेरा चालणार. इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरी भरतेय, उतरायचा प्रश्नच नाही. पक्कं काम. अमृतला म्हणालो, तार कुठेतरी घासत होती, झालं आता. घरी येऊन मी ऐटीत जरीनाला सगळं सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, असं माझं मत आहे.

जरीना पोळी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"काय मोठे शहाणे!" ती म्हणाली. "बॅटरीचं बघितलं तुम्ही. त्या म्हाताऱ्याचं कोण बघणार?"

"मग काय अक्काची लग्नं बुडवू?"

"ते मला नका विचारू. तारा तुमच्या, अक्कल तुमची." आणि करपलेली पोळी माझ्याच ताटात आली.

आखाजी झाली. अक्का तिन्ही लग्नांना वेळेवर पोचली. दोन दिवसांनी अमृत पेढे देऊन गेला. मला तो पेढा गोड लागला नाही.

मग एक दिवस सकाळी एसटीतून अक्का एकटीच उतरली. हातात खापर नव्हतं, तर मला ती आधी ओळखूच आली नाही. बाकड्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि सरळ विचारलं,

"शकीलभाऊ, आमना म्हतारा गाडीमां काय आयकस रे?"

माझ्या हातातला स्क्रू पडला. "काय म्हणता अक्का, कुठे?"

"माले फसाडू नको. काल मी नदीवरतीन उनू, तं गाडी अंगनमां चालू. धूर निंघी ऱ्हायना. अमृतले सांगं म्हने, चालू करी ठेव, बॅटरी भरू दे. आनि हाऊ बाप्या त्या पडदाले कान लाई बठना. इंजिनना आवाजमां काय आयकू येस त्याले? माले दखं तं पांढरा पडना."

म्हणजे पक्कं काम केलं होतं मी, आणि म्हातारा त्या पक्क्या कामातूनही वाट काढून बसला होता. इंजिनाच्या धडधडीत कान लावून एक एक शब्द वेचत होता. मला खोटं बोलता येत नाही. शिव्या देता येतात, खोटं नाही. आबाला दिलेला शब्द तोंडात घोळवत मी पाच मिनिटं उगाच तारा गुंडाळल्या. अक्का उठली नाही. शेवटी मी म्हणालो, "अक्का, तुम्ही गाडीवर गाता ना, ते त्या कॅमेऱ्यात येतं."

तिचा चेहरा मी विसरणार नाही. आधी कळलंच नाही तिला. मग कानापर्यंत लाल झाली. साठी ओलांडलेली बाई, पदर तोंडावर ओढून घेतला.

"अरे देवा," ती पदराआडून म्हणाली. "बठ्ठं?"

"सगळं."

"आखाजीनं बी?"

मी नुसती मान हलवली.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, दोन रिक्षा गेल्या. लिंबाच्या निंबोळ्या पत्र्यावर टपटपत होत्या. अक्का समोर बघत होती पण रस्ता बघत नव्हती. गिऱ्हाईक आलं, मी हातानंच जा म्हणालो.

"काय म्हने तो?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. विहिरीचं सांगितलं, मजुरांच्या भाकरींचं सांगितलं, परत पाठवलेल्या भावाचं सांगितलं. ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग म्हणालो, "अक्का, आबा रडला. मी शेजारी बसलो होतो."

तिनं पदर खाली केला. डोळे कोरडे होते. हाताच्या तळव्याकडे बघत बसली. इतकी वर्षं खापराची आच घेऊन तो तळवा पार गुळगुळीत झालेला.

"ते शे का आजून त्यामां?"

"नाही अक्का. कार्डात जागा ठरलेली असते. नवीन रस्ता भरला की जुना आपोआप पुसतो. आखाजीच्या तीन लग्नांत ते पुसलं गेलं असणार. आबा बहुतेक तेच शोधतोय."

"पुसाई गये," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे वळली, आणि आवाज एकदम मांडवात हुकूम सोडते तसा झाला. "आयक. त्याले आयकू दे. पयलेसारखं करी दे, चावी फिरावताच चालू व्हयी असं. आनि गाडी बी बंद पडाले नको. मनं लगीन चुकाले नको. कर काय करानं ते. तुले येस ना?"

"येतं अक्का. पण तुम्ही त्याला सांगा ना, की..."

"काय सांगू? माले समजनं असं त्याले समजनं तं तो आयकाव नही, आनि माले गाता येवाव नही." ती उठली. एसटीची वेळ झाली होती. दोन पावलं गेली, थांबली, मागे न बघता म्हणाली, "आखाजीनं ते आते मी परत म्हनाव नही."

चार दिवसांनी मी त्यांच्या ओट्यावर बोर्ड बसवला. दुचाकीच्या बॅटरीला लावायचा लहान चार्जर आणला होता. बॅटरी भरली की तो आपोआप थांबतो, उतरायला लागली की परत भरायला घेतो. गाडीला मी त्याची एक पिन बाहेर काढून ठेवली. गाडी घरी आली की पिन जोडायची, निघताना काढायची. मग चावी कितीही वेळ चालू राहो. अमृतला सांगितलं, कॅमेरा असला की चार्जर लागतोच, कंपनीचा नियम आहे. कसली कंपनी नि कसला नियम. त्यानं मान डोलावली. रिले परत चावीवर आणला. अक्का आत भाकरी थापत होती. मी आलोय हे तिला ठाऊक होतं, पण ती बाहेर आली नाही. थापण्याचा आवाज तेवढा येत होता.

पुढे जेठ लागला. लग्नं चालूच होती. एकदा त्याच गावात दुसऱ्या कोणाच्या ट्रॅक्टरचं काम निघालं म्हणून गेलो, तर आबानं ओट्यावरून हाक मारली. दुपारच होती. पिन लावलेली, चावी चालू, पडद्यावर रस्ता वाहत होता, आणि अक्का गात होती. शेताचं काहीतरी, मग भावाचं, मग कुठल्या तरी व्याह्याच्या मिशीची थट्टा. ते ऐकून मी हसलो, आबाही हसला. तो बोलायला लागला होता. अमृतनं सांगितलं, संध्याकाळी आता आईची वाट बघत दारापर्यंत जातो, पाय ओढत.

"तिले काही सांगं नही ना?" आबानं हळूच विचारलं.

"नाही, आबा." मला खोटं बोलता येत नाही म्हणालो होतो. हे एक आलं.

आबा पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पंधरा दिन व्हयनात. रोज आयकस मी. बठ्ठं गास ती. ते आखाजीनं नही गात."

मी चार्जरची पिन उगाच काढून परत लावली.

"पुसाई गये हाई माले माहीत शे. पन परत बी नही गात. बेचाळीस वरीस मनमां व्हतं तिना, ते एकदम कसं..." त्यानं माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हाताला अजून विहीर खणणाऱ्याची पकड होती. "शकील, सरनं का रे ते?"

घरात भांडं वाजलं. अक्का उठली होती बहुतेक. आबानं घाईनं चावी बंद केली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"सरलं, आबा," मी म्हणालो.